हलकी पिशवी

१५ नोव्हेंबर २०१५

युरिम,

तुझा पत्ता धाकट्या मावशीकडून मिळवला. तिच्यावर रागावू नकोस. आधी तिने नाहीच म्हटलं होतं. मग मी तिच्या दारात बसून राहिले. तिला मासळीबाजारात जायला उशीर व्हायला लागला, तेव्हा कुठे तिने कागदावर लिहून दिला आणि वर म्हणाली, भांडायचं असेल तर लिहू नकोस ताई. मी काय फक्त भांडतेच का?

तीन वर्षं झाली. फोनचा नंबर बदललास, तो मावशीला दिलास आणि आईला नाही. तुझे बाबा असते तर त्यांना दिला असतास, मला माहीत आहे. शेवटच्या फोनवर तू एवढंच म्हणालीस की आई, तू मला एकदासुद्धा विचारलं नाहीस, आणि फोन ठेवलास. तेव्हापासून मी डोकं खाजवते आहे. काय विचारलं नाही? तू उंबऱ्यात पाऊल टाकलंस तेव्हाच मी विचारलं होतं, जेवलीस का. जावयांची तब्येत विचारली, तुमच्या घराचं छत गळतं का तेही विचारलं. आणखी काय विचारायचं राहिलं ते तूच सांग. मला दुसरं काही नको. चार ओळी लिही, पण लिही.

आज हंगामाच्या उपकारस्तुतीची उपासना झाली. वेदीपुढे भोपळे, रताळी, सफरचंदं, नेहमीसारखं. मी माझ्या जागी होते, मागच्या दाराशी, तांदळाच्या रांजणापाशी. बावीस वर्षं झाली, चर्चची सेविका म्हणून मला तिथे बसायला लागून. शहरातल्या चर्चमध्ये आता हे कुणी करत नाही म्हणतात. आपल्याकडे अजून चालू आहे. भात शिजवायच्या आधी घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एकेक चमचा तांदूळ बाजूला काढायचा, नाव घेऊन प्रार्थना करायची आणि आठवड्याचे साठलेले पिशवीत घालून रविवारी आणायचे. तुला काय सांगायचं म्हणा. लहानपणी स्वतःचा चमचा तू स्वतः काढायचीस आणि प्रभू मोठा आहे म्हणून त्यावर शीग लावायचीस.

माझ्या हाताला आता सवय झाली आहे. डोळे मिटून पिशवी घेतली तरी सांगेन कुणाकडे किती माणसं आहेत ते. पाळकबाई सगळ्या नव्या लोकांना हे कौतुकाने सांगतात. तुला कांगउकची आई आठवते ना, खाडीच्या कडेला राहते ती, मान खाली घालून बोलणारी? ती एकटी राहते, पण तिची पिशवी नेहमी दोघांची असते. कांगउक जहाजाच्या कारखान्यात लांब कुठे तरी काम करतो, चर्चचं तोंड त्याने दहा वर्षांत पाहिलं नाही, तरी त्याच्या नावाचा चमचा ती काढतेच. आज मात्र पिशवी निम्मी. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काय गं कांगउकच्या आई, प्रभूच्या वाटणीवर उंदरांनी डल्ला मारला की काय?" बायका खो खो हसल्या. तीही हसली. मग तिने रिकाम्या पिशवीच्या चार घड्या घातल्या, खिशात ठेवली आणि जेवायला न थांबता गेली. म्हातारपणी माणूस चिकट होतं ते असं.

माझी पिशवी एकाच माणसाची असते. तुझा चमचा मी तू गेलीस त्याच वर्षी बंद केला. खोटं कशाला बोलू? लग्न झालेल्या मुलीचा चमचा तिच्या घरात.

उत्तर दे.

आई

६ डिसेंबर

युरिम,

पत्र परत आलं नाही, म्हणजे कुणीतरी घेतलं. तेवढं समजून दुसरं लिहिते.

या आठवड्यात चर्चची किमची झाली. तीनशे वीस कोबी. मीठ लावण्यापासून मडकी पुरण्यापर्यंत सगळं माझ्या डोक्यावर. पाळकबाई नुसत्या हातमोजे घालून फिरतात आणि सगळ्यांना "दमलात का, दमलात का" विचारतात. अर्धी किमची आपण गावातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना वाटतो, हे तुला माहीतच आहे. यादी मी करते. यादीत एकही नाव चुकत नाही.

कांगउकची आई आली नाही. दरवर्षी लसूण सोलायला सगळ्यांत आधी येऊन बसते ती. आता सलग तीन रविवार झाले. बाकावर माझ्या शेजारची तिची उशी तशीच पडून आहे. मला जरा रागच आला. एवढ्याशा चेष्टेने रुसायचं वय आहे का आमचं? प्रार्थनासभेत मी तिचं नाव घेतलं, विश्वासात थंड पडलेल्या बहिणीला ऊब दे म्हणून. सगळ्यांनी आमेन म्हटलं. त्यावर आणखी काय करायचं असतं?

तिखट कालवताना तुझी आठवण आली. तुलाही आली असेल. तीन वर्षांपूर्वी ह्याच आठवड्यात तू न कळवता आलीस. मी अंगणात कोबींच्या ढिगात बसले होते आणि तू बॅग घेऊन फाटकात उभी. मला किती आनंद झाला होता, चार हात वाढले म्हणून. हो, तसंच म्हणाले होते मी, मला आठवतं. चेष्टेत म्हणाले होते. तू कोट काढला नाहीस, तसाच घालून कोबीला तिखट चोळत बसलीस. मी म्हटलं, इंचॉनची मडम आली आहे. त्या चार दिवसांत तू एकदा स्वतःच्या हाताने समुद्रशेवाळाचं सूप केलंस आणि स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून प्यालीस. आम्ही बायकांनी त्यावरून तुला केवढं चिडवलं. हसतंखेळतं घर होतं की ते. मग तू का गेलीस?

तू विचारलं होतंस, आई, मी थोडे दिवस राहू का. मी म्हटलं, राहा की, पण जावयांच्या जेवणाचं काय, लोक काय म्हणतील. यात चुकीचं काय होतं? कुठलीही आई हेच म्हणेल.

तुझ्यासाठी या वर्षीही एक खोकं भरून ठेवलं आहे. पाठवू का, एवढं तरी कळव.

आई

२६ डिसेंबर

युरिम,

काल नाताळ झाला. त्याबद्दल काही लिहीत नाही. आज जे झालं ते लिहिते, कारण मला ते आणखी कुणाला सांगता येणार नाही.

वाटायच्या किमचीतला एक डबा उरला. नाव वाचलं तर कांगउकची आई. तिला नेऊन द्यायला कुणाला सवड झाली नव्हती. मी म्हटलं मीच जाते, जाते आणि चांगली कानउघाडणी करून येते. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती.

दार उघडंच होतं. ती घरात जाड कोट घालून बसली होती, बाहेरच्यापेक्षा आत जास्त गारठा. शेगडीवर पातेलं होतं. मी झाकण उचललं, समुद्रशेवाळाचं सूप. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "आज कुणाचा वाढदिवस गं?"

"कांगउकचा," ती म्हणाली.

मी म्हटलं, अरे वा, म्हणजे आलाय का तो? तिने कपाटाकडे बघितलं. कपाटावर पांढऱ्या कापडात बांधलेला एक डबा होता. तो मिठाईचा डबा असावा असं मी मनाला समजावत होते.

ऑगस्टपासून त्याला काम नव्हतं. आईला सांगितलं नव्हतं. दर महिन्याला फोन करून कामाच्या गमती सांगत होता. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाड्याच्या खोलीत त्याने स्वतःच सगळं संपवलं. ही एकटी बसने गेली, एकटीने सगळं उरकलं आणि अस्थींचा डबा मांडीवर घेऊन बसनेच परत आली. ते शनिवारी. दुसऱ्या दिवशी आपला हंगामाचा सण होता.

मी विचारलं, अगं, आम्हाला का नाही सांगितलंस, आम्ही सगळे धावत आलो असतो. ती बोलली ते अगदी हळू, मला दुखावणार नाही अशा बेताने.

"सेविकाबाई, दोन वर्षांपूर्वी त्या होडीवाल्या आजोबांच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात ना, आपल्या हाताने जाणाऱ्यासाठी चर्चमध्ये गाणी म्हणायची नसतात."

म्हणाले होते. पाळकांचं मन द्विधा होतं, मीच त्यांना ठाम केलं होतं.

"पण त्या रविवारी मी आले होते," ती म्हणाली. "सकाळी तांदूळ काढताना पहिल्यांदा एकच चमचा काढला. दुसऱ्यासाठी हात उचललाच गेला नाही. मनात म्हटलं, मला काही सांगावं लागणार नाही. सेविकाबाईंच्या हाताला सगळं कळतं. पिशवी हातात घेतली की त्या विचारतील."

मी पातेल्यावर झाकण परत ठेवलं.

"तुम्ही विचारलंतही," ती म्हणाली. "उंदरांचं."

युरिम, ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने दोन वाट्या मांडल्या होत्या. म्हणाली, बसा, एक नुसती गार होते आहे. मी कांगउकच्या वाटीतलं सूप प्याले. त्याच्या जन्मानंतर तिने हेच सूप तीन आठवडे प्यायलं होतं, सासूने केलेलं, असं ती सांगत होती. मी बाळंतिणीसारखी खाली मान घालून ऐकत होते.

निघताना मी तिला नाव विचारलं. तेवीस वर्षं एका बाकावर बसतो आम्ही. तिच्या पिशवीवरसुद्धा कांगउकची आई असंच लिहिलं आहे, ते मीच लिहिलं होतं. तिचं नाव यांगरे आहे.

घरी येताना मला आणखी एक गोष्ट आठवली. ती आज लिहवत नाही.

आई

९ फेब्रुवारी

युरिम,

काल चांद्र नवं वर्ष झालं. मावशीकडे गेले होते. तिने वाढलेलं मी ताटात इकडून तिकडे करत बसले. शेवटी तिला बाजूला घेऊन विचारलं, त्या वर्षी युरिम घरी आली होती तेव्हा तिला काय झालं होतं, तुला माहीत आहे का? मावशीने हातातलं फडकं खाली ठेवलं. म्हणाली, ताई, ते तिलाच विचार. एवढं ऐकल्यावर मला सगळं कळलं.

ते सूप वाढदिवसाला करतात आणि बाळंतिणीला देतात, बाळ हाती लागलं नाही तरी. तिसऱ्या कुणासाठी कुणी करत नाही. हे मला वयाच्या सातव्या वर्षापासून माहीत आहे. तू घरातल्या घरात कोट घालून बसत होतीस. गारठ्यातून आल्यासारखी पांढरीफटक होतीस. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच पातेल्यात तू आपल्या हाताने बाळंतिणीचं सूप केलंस, भिंतीकडे तोंड करून प्यालीस, आणि मी दारातून ओरडून विचारलं, आज कुणाचा वाढदिवस गं? चार बायका होत्या माझ्याबरोबर, तिखटाने बरबटलेल्या हातांनी. सगळ्या हसल्या. तू मागे वळून न बघता म्हणालीस, कुणाचा नाही.

तेव्हा मला काय वाटलं सांगू? नीट उत्तर द्यायलासुद्धा हिला जड जातं, असं वाटलं.

आणि मग मी तुला किमची बांधून दिली. दोन खोकी, दहा-दहा किलोची. बस आली, तू ती उचललीस आणि खाली वाकलीस, तशीच थोडा वेळ वाकून राहिलीस. मी म्हटलं, शहरात राहून हाडंसुद्धा मऊ झाली तुझी. तू ती खोकी उचलून नेलीस, युरिम. मी हात लावला नाही. रात्री झोपले की मला ती खोकी दिसतात.

आपले पाळक दर वर्षी एकदा त्या आजारी बाईवर बोलतात, जिने बरं व्हावं म्हणून गर्दीत प्रभूच्या झग्याच्या काठाला हात लावला. मी ते तीस वेळा ऐकलं असेल. दर वेळी मला वाटायचं, मी प्रभूबरोबर चालणाऱ्यांतली. आता परवा ऐकलं तेव्हा लक्षात आलं की बरोबर चालणारे तर कुरकुरत होते, एवढी गर्दी अंगावर येते आहे आणि हा विचारतो मला कुणी हात लावला. थांबला तो एकटाच. त्यालाही घाई होती, एक मुलगी मरायला टेकली होती आणि तिचा बाप त्याला ओढून नेत होता. तरी तो थांबला. मला काय घाई होती? तीनशे वीस कोबी.

मी क्षमा मागायला लिहिते आहे असं समजू नकोस. मागायची आहेच, पण त्यानंतर तुला मोठ्या मनाने काहीतरी लिहावं लागेल, आणि ते ओझं मला तुझ्यावर टाकायचं नाही. खोकी दोनच पुरे झाली.

आई

२८ मार्च

युरिम,

अजून एकही पत्र परत आलेलं नाही. पोस्टातला माणूस म्हणतो, परत आलं नाही म्हणजे पोचलं. मी त्याला रोज विचारते म्हणून तो आता मला बघून आत जातो.

इकडचं सांगते. फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही कांगउकसाठी उपासना केली. पाळक घुटमळले. जुन्या मंडळींना काय वाटेल म्हणाले. मी म्हटलं, जुन्या मंडळींतली सगळ्यांत जुनी मी, आणि गाणं मी सुरू करते. सात जणं आली. बाकीच्यांना त्या दिवशी नेमकी कामं होती, त्यांना मी काही बोलले नाही, मला ती कामं चांगली माहीत आहेत. होडीवाल्या आजोबांचंही नाव घेतलं. माझा आवाज मध्येच फाटला, तेव्हा पुढचं कडवं यांगरेने उचललं. ती गाते हेही मला माहीत नव्हतं.

तिचं दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. झालेलं नाही. डबा अजून कपाटावर आहे. मी बुधवारी जाते, शेगडीपाशी बसते. बहुतेक वेळा ती बोलत नाही आणि मला गप्प बसायला जमत नाही, म्हणून मी लसूण नेते आणि सोलत राहते. परवा तिने त्याची शाळेतली वही दाखवली. मी प्रत्येक पान बघितलं.

रांजणाचं काम मी सोडणार होते. हाताला काही कळत नाही हे उघड झाल्यावर तिथे काय तोंडाने बसायचं? पण यांगरे म्हणाली, सोडू नका, मी शेजारी बसते. म्हणून आता दोघी बसतो. बायका पिशवी देतात तेव्हा मी तोंडाकडे बघते. आधी फार अवघड गेलं. तुला हसू येईल, पण निम्म्या बायकांचे डोळे कसे आहेत हे मला या दोन महिन्यांत कळलं.

काल पुनरुत्थानाचा रविवार होता. गर्दी होती, मुलांना रंगवलेली अंडी वाटायची होती, मला सारख्या हाका येत होत्या. माझी पिशवी मी नेहमीप्रमाणे रांजणाच्या कडेला ठेवली होती. नवीन वर्षापासून ती जड होते आहे. पाळकबाईंनी ती दोनदा उचलून बाजूला ठेवली आहे, बाकीच्यांनीही हाताळली आहे, कुणाला काही जाणवलं नाही. मी कुणाला नावं ठेवणार?

काल यांगरेने ती उचलली. दोरी सोडली नाही. दोन्ही हातांत धरून बसून राहिली. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "सेविकाबाई, घरी तिघं जण आहेत?"

मी म्हटलं, "तिघं."

"एक तुम्ही. एक युरिम."

मी मान हलवली. तिने पिशवीवरून हात फिरवला आणि विचारलं, "आणि तिसऱ्याचं नाव काय?"

मला सांगता आलं नाही. तो चमचा मी रोज नाव न घेता काढते. प्रभूला कळत असेल, पण माझी जीभ तिथे अडते.

तू नाव ठेवलं होतंस का, युरिम? मुलगा होता की मुलगी? कधीही सांग, आणि नाही सांगितलंस तरी मी काढत राहीन. पण ठेवलं असशील तर मला ते हवं आहे. सकाळी तांदूळ काढताना लागतं.

आई